छतातले पक्षकार

साहेबांच्या टेबलावर रोज सकाळी काळे दाणे पडलेले असत. तांदळाएवढे, लांबट, कोरडे. साहेब यायच्या आत शिरस्तेदार ते फडक्याने गोळा करून खिडकीबाहेर झटकत आणि म्हणत, "उंदीर." कोर्टातल्या बऱ्याच प्रश्नांना त्यांच्याकडे हे एकच उत्तर होतं. फाईल सापडत नाही, उंदीर. फाईल सापडली पण मधली पानं नाहीत, उंदीर. एकदा भर कोर्टात साक्षीदार उलटला तेव्हाही त्यांचे ओठ त्या शब्दासाठी हलले होते, असं पाहणारे सांगतात.

त्या टेबलापुढे त्या आठवड्यात वटवाघळांचा खटला शेवटाला आला होता.

खटला तसा साधा होता. शहरातलं एक जुनं थिएटर बरीच वर्षं बंद पडलं होतं आणि मालकाला ते पाडून तिथे काहीतरी चकचकीत उभारायचं होतं. पण थिएटरच्या छतात बुटकी वटवाघळं राहत होती. अंगठ्याएवढी, तपकिरी, चुरगळलेल्या चेहऱ्याची. ही जात संपत आली होती आणि म्हणून कायद्याने संरक्षित होती. संरक्षित प्राण्याचं राहतं ठिकाण पाडता येत नाही, बुजवता येत नाही, तिथे धूर करता येत नाही. थिएटर जागचं हलवणं शक्य नव्हतं, तेव्हा सरकारने वटवाघूळ हलवलं. 'संरक्षित' या यादीतून काढून 'उपद्रवी' या यादीत नेऊन ठेवलं. वटवाघळाला याची कल्पना नव्हती. ते होतं तिथेच उलटं लटकत राहिलं.

सरकारच्या या आदेशाला वकीलबाईंनी आव्हान दिलं होतं. त्यांचा पक्षकार म्हणजे एक संस्था, आणि संस्थेची अध्यक्ष, चिटणीस व जवळजवळ सगळी सभासदसंख्या म्हणजे बाईंची धाकटी नणंद. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि घरी आली की भावाचा व वहिनीचा तोच तास पुन्हा घ्यायची. "वाघासाठी भांडणं सोपं असतं गं वहिनी," ती म्हणायची. "वाघ फोटोत चांगला येतो." बुटक्या वटवाघळाचा फोटो संस्थेने एकदा पत्रकावर छापला होता. ज्यांच्या ज्यांच्या हातात पत्रक पडलं त्यांनी ते चेहरा आत जाईल अशा बेताने घडी घालून खिशात ठेवलं.

पहिल्या तारखेलाच साहेबांनी अंतरिम आदेश दिला होता. निकाल लागेपर्यंत जैसे थे. या जातीच्या वटवाघळांच्या कुठल्याही वसतिस्थानाला कुणीही धक्का लावू नये. तेव्हापासून बाईंचा उजवा पाय हलत होता. कोर्टात टेबलाखाली, घरी जेवताना, रांगेत उभं असतानासुद्धा. नवरा दातांचा डॉक्टर. तो म्हणायचा, "तुझ्या पायाला पट्टा जोडला तर माझं मशीन फुकटात चालेल." हे तो गमतीने म्हणायचा, पण जेवणाच्या टेबलावरचं पाणी खरोखरच सांडायचं.

गुरुवारी सरकारी वकिलांचा युक्तिवाद होता. त्यांना सगळे वकील पाठीमागे 'थर्मास' म्हणत, कारण स्टीलच्या थर्मासाशिवाय ते कुठल्याच खटल्यात उभे राहत नसत. झाकणात कॉफी ओतून समोर ठेवायची आणि ती पिण्याजोगी होईपर्यंत बोलायचं, ही त्यांची पद्धत. उन्हाळ्यात त्यांचे युक्तिवाद लांबत.

"साहेब, समोरच्या बाजूचा सगळा डोलारा एका शब्दावर उभा आहे," थर्मास म्हणाले. "शेवटची. ही शेवटची वसाहत, म्हणून वाचवा. माझा प्रश्न साधा आहे. शेवटची हे यांना सांगितलं कुणी? वटवाघळांनी?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. ते टेबलावरचा एक दाणा पेन्सिलीने कडेला ढकलत होते.

"बाई, उद्या तुमचं उत्तर," ते म्हणाले. "आणि या मुद्द्यावर मला गोलमाल नकोय. ही जात आणखी कुठे असेल, तर सरकारने यादी बदलली यात फार मोठं आभाळ कोसळलं असं मला वाटत नाही. नसेल, तर मात्र वेगळा विचार करावा लागेल. उद्याच निकाल देऊन टाकू."

"हो साहेब," बाई म्हणाल्या. टेबलाखाली पाय जोरात हलायला लागला होता.

तेवढ्यात थर्मासांच्या कॉफीत वरून काहीतरी पडलं. थर्मासांनी झाकणात डोकावून पाहिलं, पेनाच्या टोकाने ते बाहेर काढलं आणि टेबलाच्या कडेला ठेवलं.

"उंदीर," शिरस्तेदार हळूच म्हणाले. "शनिवारी बंदोबस्त होतोय."

बाईंनी वर पाहिलं. छताला लाकडी फळ्या होत्या, फळ्यांमध्ये फटी होत्या आणि एका फटीभोवती चहा सांडल्यासारखा डाग होता. असा डाग त्यांनी आधी पाहिला होता. थिएटरच्या फोटोंत, जे त्यांनी स्वतःच याचिकेला जोडले होते.

साहेब उठून आत गेल्यावर त्यांनी कडेचा तो दाणा रुमालाने टिपला आणि चष्म्याच्या डबीत टाकला.

"काय बाई, पुरावा गोळा करताय?" थर्मास म्हणाले.

"आठवण," बाई म्हणाल्या. "तुमच्या कॉफीची."

बाहेर पडताना दारावर नोटीस दिसली. ती तिथे बरेच दिवस असणार, पण कोर्टाच्या दारावरच्या नोटिसा वकील वाचत नाहीत. शनिवारी इमारतीच्या पोटमाळ्यात उंदीर-नाशक धुरी देऊन सर्व फटी बुजवण्यात येतील, तरी खाद्यपदार्थ हलवावेत. खाली इमारत समितीचे अध्यक्ष म्हणून साहेबांची सही होती.

दवाखाना घराच्या पुढच्या खोलीतच होता. बाई पोचल्या तेव्हा नवरा एका पेशंटच्या दाढेत गुंतला होता. नणंद आतून आली. तिने डबी उघडली, दाणा एका ट्रेवर ओतला आणि भावाचा दिवा पेशंटच्या तोंडावरून ट्रेवर वळवला.

"अगं ए, मी काम करतोय."

"थांब रे दादा, दाढ काही पळून जात नाही."

तिने चिमट्याने दाणा दाबला. उंदराचा असता तर तो चपटा झाला असता. याचा भुगा झाला, आणि भुग्यात काहीतरी चमकलं. किड्यांच्या पंखांचे तुकडे.

"वटवाघूळ आहे," नणंद म्हणाली. "कुठे मिळालं?"

"कोर्टात. सरकारी वकिलाच्या कॉफीत."

"त्याने प्यायली?"

"नाही."

"अरेरे."

खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून सगळं ऐकत होता. त्याचं मत काय होतं ते कळायला मार्ग नव्हता. नवऱ्याने तो ट्रे दोन बोटांनी उचलून उकळायला टाकला आणि दिवा परत दाढेवर आणला.

दिवस मावळताना दोघी कोर्टाच्या मागच्या गल्लीत, कचऱ्याचे डबे आणि सायकली यांच्यामध्ये उभ्या होत्या. नणंदेच्या हातात एक लहानसं यंत्र होतं. वटवाघळाचा आवाज माणसाच्या कानाला येत नाही. हे यंत्र तो येईल असा करून द्यायचं, आणि जातीजातीचा आवाज वेगळा. आधी नुसतीच खरखर आली. मग वळचणीखालून एक काळा ठिपका सुटला, त्याच्यामागे आणखी, आणि यंत्र टकटक करायला लागलं. कुणीतरी घाईघाईने नखाने काच वाजवावी तसं.

नणंदेने यंत्र कानाशी धरलं आणि वहिनीच्या दंडाला असा चिमटा काढला की बाई ओरडल्याच.

"बुटकी! वहिनी, तीच! दुसरी वसाहत! आणि कुठे, तर कोर्टात! आपण जिंकलो!"

"आपण हरलो," बाई दंड चोळत म्हणाल्या.

"काय?"

"साहेब आज काय म्हणाले माहितेय? दुसरीकडे कुठे असतील, तर सरकारचं बरोबर. नसतील, तर आपलं. दुसरीकडे आहेत. त्यांच्याच डोक्यावर आहेत."

नणंद वर बघत राहिली. "पण एका जागी असणं आणि दोन जागी असणं यात काय फरक आहे? दोन म्हणजे भरपूर झाली? उद्या दादाच्या पेशंटला दोनच दात उरले तर तो काय जबडा चांगला आहे म्हणेल?"

"हे मी म्हणेन. साहेब ऐकतील. आणि थर्मास म्हणेल, आहेत ना दुसरीकडे, मग पाडू द्या थिएटर. आणि कायदा गेला. थिएटरपुरता नाही, या जातीपुरता सगळा."

"मग सांगूच नकोस," नणंद म्हणाली. "उद्या निकाल लागू दे. नंतर हळूच सांगू की इथेही आहेत."

"शनिवारी इथे धुरी आहे. फटी बुजवणार आहेत."

नणंदेच्या हातातलं यंत्र टकटकतच होतं. तिने ते बंद केलं नाही. मग म्हणाली, "आता यांना पिल्लं असतात. आईच्या पोटाला चिकटलेली. उडता येत नाही."

"मला माहितेय. तूच सांगितलंयस. जेवताना."

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे गप्प बसलीस तर कायदा वाचतो आणि कोर्टातली मरतात. बोललीस तर कोर्टातली कशी वाचतात?"

"अंतरिम आदेशाने. निकाल लागेपर्यंत."

"आणि निकाल कधी?"

"उद्याच."

"छान," नवरा म्हणाला आणि तिच्या पायापासून पाण्याचा जग लांब सरकवला.

शुक्रवारी सकाळी बाई कोर्ट उघडायच्या वेळीच शिरस्तेदारांकडे जाऊन उभ्या राहिल्या. ते फडकं घेऊन टेबल पुसत होते.

"शनिवारची धुरी पुढे ढकलता येईल का हो?"

"का?"

"तब्येतीला बरं नसतं म्हणतात. धूर."

"शनिवारी तुम्ही नसणार इथे."

"तुमच्या तब्येतीला म्हणतेय."

शिरस्तेदारांनी बाईंकडे निरखून पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांच्या तब्येतीची चौकशी कुठल्याच वकिलाने केली नव्हती, आणि त्यामागे काहीतरी असणार एवढं त्यांना कळत होतं. "साहेबांची सही झालीय बाई. सही झालेला कागद मागे घ्यायचा तर कारण लागतं. कारण द्या, लगेच घेतो."

कारण बाईंच्या जिभेवर होतं. त्यांनी ते गिळलं आणि जाग्यावर येऊन बसल्या. लेखी युक्तिवादाच्या पहिल्याच परिच्छेदात 'ही या जातीची ज्ञात असलेली शेवटची वसाहत आहे' असं छापलेलं होतं, ठळक अक्षरात. ठळक नणंदेने करायला लावलं होतं.

सुनावणी सुरू झाली. बाई दुसऱ्या परिच्छेदापासून बोलायला लागल्या. चांगलं बोलत होत्या. म्हणाल्या, यादीत नाव कुणाचं असावं हे प्राण्याची संख्या बघून ठरतं, जागेचा भाव बघून नाही. म्हणाल्या, सरकारने एकाही तज्ज्ञाला विचारलं नाही, उपद्रव झाल्याची एकही तक्रार दाखवली नाही. थर्मास कॉफी गार व्हायची वाट बघत होते. आज त्यांनी झाकणावर हात धरला होता.

"हे ठीक आहे," साहेब म्हणाले. "पण पहिला परिच्छेद राहिला. ही शेवटची वसाहत, असं तुमचं म्हणणं आहे ना?"

बाईंचा पाय थांबला. मागच्या बाकावर बसलेल्या नणंदेला तो थांबलेला दिसला, आणि तिने डोळे मिटून घेतले.

"काल दुपारपर्यंत माझी तशी समजूत होती, साहेब," बाई म्हणाल्या.

"आणि आता?"

"आता दुसरी सापडली आहे."

थर्मास खुर्चीतून असे उठले की झाकण लवंडलं. "साहेब! हे कबूल केलं यांनी! नोंद घ्यावी! कुठे सापडली, तेही सांगावं!"

बाईंनी बोट वर केलं. सगळ्यांनी वर पाहिलं. साहेबांनीही पाहिलं, आणि मग टेबलावरच्या दाण्यांकडे पाहिलं.

"उंदीर..." शिरस्तेदार म्हणाले.

"साहेब, माझी विनंती आहे," थर्मासांना आता कुणी थांबवू शकत नव्हतं. "तोंडी कशाला? साहेबांनी आत्ता, स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. पोटमाळा इथेच तर आहे. किती आहेत ते दिसू दे. ढिगाने असतील, साहेब. दुर्मिळ म्हणे!"

विनंती मान्य झाली, कारण साहेबांनाही आता राहवत नव्हतं. शिपायाने शिडी लावली. झगा एका हाताने धरून साहेब चढले, मागे थर्मास, मग बाई, मग बोलावलं नसताना नणंद. शिरस्तेदार शिडी धरून खाली उभे राहिले. वर मोडक्या खुर्च्या होत्या, दोरीने बांधलेल्या फायलींचे गठ्ठे होते, आणि तुळईच्या कडेने ती एकमेकांना चिकटून लटकत होती. विजेरीच्या उजेडात आधी नुसती बुरशी वाटली. मग त्या बुरशीतल्या एकाने तोंड उघडून जांभई दिली.

"एवढीशी?" साहेब म्हणाले. ते कोर्टातल्या आवाजात नव्हतं.

"पिल्लू तर शेंगदाण्याएवढं असतं," नणंद म्हणाली. "ते बघा, त्या आईच्या पोटाला." साहेबांनी वाकून पाहिलं आणि विजेरी हाताने अर्धी झाकली.

"पाहिलंत ना साहेब!" थर्मास तुळईला डोकं आपटून म्हणाले. "कसली कमतरता आहे? आता निकालाला अडचण काय?"

तेव्हा बाईंच्या डोक्यात ते आलं. आधी आलं असतं तर त्यांना झोप लागली असती. पण थर्मासांनी साहेबांना शिडीवर चढवल्याशिवाय ते येण्यासारखंही नव्हतं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "खाली दारावर एक नोटीस आहे. ती वाचून घ्यावी, एवढीच विनंती."

खाली आल्यावर शिपायाने नोटीस काढून आणली. साहेबांनी ती वाचली. मग खटल्याची फाईल मागितली, अंतरिम आदेशाचं पान काढलं, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून चष्मा पुसला.

"ही सही माझी आहे," ते म्हणाले.

"हो साहेब," शिरस्तेदार म्हणाले.

"ही पण."

"ती पण साहेबांचीच."

"एकीत मी म्हणतोय, या वटवाघळांच्या कुठल्याही वसतिस्थानाला कुणी हात लावू नये. दुसरीत मी म्हणतोय, उद्या धुरी द्या." साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "उद्या संध्याकाळी मी माझ्याच कोर्टाचा अवमान केलेला असता."

"साहेब, ते उंदरांसाठी होतं," शिरस्तेदार म्हणाले.

"उंदीर कुठे आहेत?"

शिरस्तेदारांकडे दुसरं उत्तर तयार नव्हतं.

थर्मासांना कुठेतरी चुकतंय एवढं जाणवलं, पण कुठे ते जाणवायला उशीर झाला. "साहेब, यात अडचण काहीच नाही. सरकारचा आदेश कायम करा. वटवाघूळ उपद्रवी ठरलं की धुरीही कायदेशीर, आणि साहेबांचं छतही..."

त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. पण ते सगळ्यांना पूर्ण ऐकू आलं होतं.

"बरोबर बोललात," साहेब म्हणाले. "माझं छत. म्हणजे मी तुमच्या बाजूने निकाल दिला तर माझ्या टेबलावरचा कचरा थांबतो. आणि यांच्या बाजूने दिला तर ज्या गुन्ह्याची मी तयारी केली होती तो गुन्हा ठरतो. या खटल्यात आता मी न्यायाधीश नाही. पक्षकार आहे. आणि वर जाऊन स्वतः बघून आलोय, तेव्हा साक्षीदारही आहे. कुणाच्या विनंतीवरून गेलो?"

थर्मासांनी थर्मासाचं बूच घट्ट केलं.

साहेबांनी आदेश सांगायला सुरुवात केली. हे प्रकरण आपल्याला चालवता येणार नाही. या इमारतीतले बाकीचे न्यायाधीश त्याच छताखाली बसतात आणि सगळे इमारत समितीवर आहेत, तेव्हा त्यांनाही येणार नाही. प्रकरण वरच्या कोर्टाकडे पाठवावं. तोपर्यंत जैसे थे. थिएटरचं छतही, हेही. धुरी रद्द. मग त्यांनी शिपायाला बोलावून टेबल फटीखालून भिंतीकडे सरकवून घेतलं आणि पुढच्या खटल्याचा पुकारा करायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात थर्मास बाईंजवळ आले. ओली बाही झटकत होते. "एक सांगा बाई, खरं सांगा. हे सगळं आधी ठरवलं होतंत?"

"नाही."

"मग तुम्ही जिंकलात की हरलात?"

"तुम्हाला कळलं तर मला सांगा," बाई म्हणाल्या.

"मला घरी काय सांगायचं तेवढंच ठरवायचं होतं," थर्मास म्हणाले आणि थिएटरच्या मालकाला फोन लावत कोपऱ्याकडे गेले. थोड्या वेळाने त्या कोपऱ्यातून "नाही साहेब, पाडता येणार नाही, म्हणजे आत्ता नाही" असं बराच वेळ ऐकू येत राहिलं.

नणंद पायऱ्यांवर उभी होती. तिचे केस जळमटांनी भरले होते आणि चेहरा असा होता, जणू पिल्लं तिच्याच घरात जन्मलीयत. "वहिनी, दोन्हीकडची वाचली! पिल्लं उडायला लागेपर्यंत कुणी हात लावू शकत नाही! आणि वरच्या कोर्टात तारखा पडतात तशा पडल्या तर पुढच्या वर्षीची पिल्लंसुद्धा!"

"हो."

"तू खूश का नाहीस?"

बाई पायरीवर बसल्या. आदल्या दिवसापासून त्यांना एकच भीती होती, की आपण तोंड उघडलं की कायदा जाईल. तो गेला नव्हता. पण वाचला तो काही त्यांच्या युक्तिवादाने नाही. एका माणसाला आपल्याच दोन सह्या शेजारीशेजारी बघाव्या लागल्या म्हणून. यादी कुणाच्या सोयीने बदलायची नसते, या मुद्द्यावर आजही कुणी एक शब्द बोललं नव्हतं. तो मुद्दा तसाच फाईलमध्ये बसून वर जाणार होता.

"वरच्या कोर्टाची इमारत कशी आहे गं?" नणंदेने विचारलं. तिचा हात पिशवीतल्या यंत्राकडे गेला होता. बाईंना ती काय विचार करतेय ते कळलं.

"नवी आहे."

"म्हणजे?"

"काचेची. खालपासून वरपर्यंत. छत सपाट, पत्रा नाही, वळचण नाही, पोटमाळा नाही. खिडक्यासुद्धा उघडत नाहीत."

"फटी?"

"एकही नाही."

नणंदेने हात पिशवीतून बाहेर काढला आणि तीही शेजारी बसली. आत कुठल्यातरी दुसऱ्या खटल्याचा पुकारा झाला. बाईंनी फाईल मांडीवर घेतली, पेन काढलं, आणि पहिल्या परिच्छेदातला 'शेवटची' हा ठळक शब्द खोडून त्याच्या जागी काय लिहायचं याचा विचार करू लागल्या. मांडीवरची फाईल हलायला लागली. नणंदेने एका हाताने ती धरून ठेवली, म्हणजे वहिनीला लिहिता येईल.